थोरलीपेक्षा बारा मिलिव्होल्ट कमी

सोमवार, ४ मार्च

ताई,

मायना नेहमीचा समजून घे. पत्र का लिहितेय ते आधी सांगते. फोन बाबा उचलतात. मग तू बोलतेस, ते फुलतात, आणि रिसीव्हर माझ्या हातात येईपर्यंत तुझी मीटिंग सुरू होते. "कशी आहेस? बरी ना? ठेवते हं." बरी आहे. ठेव.

चिऊला शाळेत सांगायचंय ना, आजोबा आणि मावशी काय बनवतात ते? तूही सांगू शकली असतीस. एवढ्या मोठ्या संस्थेत गंजणाऱ्या पाइपांवर काम करतेस, रोज हेच वापरतेस. पण तिनं "मावशीलाच विचार" म्हणून हट्ट धरला म्हणे. हे बाबांकडून ऐकून मला किती बरं वाटलं ते लिहीत नाही.

तिला सांग: समज, पाण्यात धातूचा तुकडा बुडवलाय आणि त्याचा विद्युत दाब किती ते हवंय. एकट्याचा मोजता येत नाही. मीटरला दोन वायरी असतात, दुसरी कुठंतरी लावावीच लागते, आणि मीटर फक्त दोघांमधला फरक दाखवतो. म्हणून दुसरी वायर अशा वस्तूला लावायची, जिचा दाब आज, उद्या, पुढल्या वर्षी तोच राहील. ती वस्तू आम्ही बनवतो. तिला संदर्भ इलेक्ट्रोड म्हणतात. बोटाएवढी काचेची नळी, तिच्या आत आणखी बारीक नळी. आतल्या नळीत प्लॅटिनमची तार, तार पाऱ्यात बुडलेली, पाऱ्याखाली कॅलोमेल. कॅलोमेल म्हणजे पारा आणि क्लोरीन यांची पांढरी पूड, आम्ही ती पाऱ्याबरोबर घोटून राखाडी करतो. बाहेरच्या नळीत पोटॅशियम क्लोराइडचं पाणी, इतकं दाट की तळाशी खडे न विरघळता पडून असतात. टोकाला सच्छिद्र बूच, त्यातून ते पाणी दिसणार नाही इतकं झिरपतं आणि बाहेरच्या पाण्याशी जोडलं जातं. जराशी वीज आली-गेली तर थोड्या पाऱ्याचं कॅलोमेल होतं, नाहीतर थोड्या कॅलोमेलचा पारा. दोन्ही भरपूर असल्यामुळे दाब हलत नाही. तो ठरतो पाण्यातल्या क्लोराइडवर, आणि खडे आहेत तोवर ते कमी होत नाही. पारा विषारी असतो, हात लावायचा नसतो, हेही सांग तिला.

आता माझं. नव्या घाण्यातल्या सगळ्या इलेक्ट्रोड बाबांनी नापास केल्या. थोरलीपेक्षा बारा मिलिव्होल्ट कमी.

चिऊला थोरली माहीत नसेल. तू कॉलेजात असताना केलेली, तुझ्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली ती इलेक्ट्रोड. बाबांनी तिला कधी कामाला लावलं नाही, विकली नाही. ती कपाटात उभी असते आणि आम्ही बनवलेली प्रत्येक इलेक्ट्रोड तिच्याशी जुळवून मगच बाहेर जाते. गिऱ्हाइकंसुद्धा विचारतात, "थोरलीशी जुळवली ना?" एक मिलिव्होल्ट इकडेतिकडे चालतो. बारा म्हणजे कचरा.

"पेस्ट नीट घोटली नाहीस," बाबा म्हणाले.

"नेहमीसारखीच घोटली."

"मग नेहमीच चुकत असशील. मोठीचा हात बघ. इतकी वर्षं झाली, काटा हलला नाही."

ताई, तू गेल्यापासून मी इथं उभी आहे. तुझा फोटो मात्र दारासमोरच्या भिंतीवर आहे. आत येणाऱ्याला आधी तू भेटतेस, मग मी.

पुन्हा घोटायला बसते.

धाकटी

शुक्रवार, १५ मार्च

ताई,

दुसरा घाणाही गेला. तेच, बारा कमी.

या वेळी मी पारा दोनदा गाळला होता, कॅलोमेलची नवी बाटली फोडली होती. खल-बत्ता स्वतः धुतला, कुणाला हात लावू दिला नाही. बाबा मीटरसमोर उभे राहिले, आकडा बघितला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती डोळे मिटून करायची."

तुला वाटेल मी रडगाणं गातेय. तसं नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा उलट बोलले. म्हटलं, "बाबा, या सगळ्या एकमेकींशी जुळतात. अर्ध्या मिलिव्होल्टचाही फरक नाही. वेगळी फक्त थोरली आहे."

"एकाच पेस्टच्या आहेत, एकाच पाण्याच्या. सगळ्या सारख्याच चुकतील."

"दोन्ही घाणे? वेगवेगळ्या बाटल्यांचे?"

"हात एकच ना?"

त्यांचा मुद्दा अगदीच चूक नव्हता, म्हणून जास्त झोंबला. दोन इलेक्ट्रोडमध्ये फरक असेल तर मीटर तो फरक सांगतो, चूक कुणाची ते सांगत नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि आमच्या घरात ते कधीच ठरलंय.

मी बाबांना म्हटलं, तिसरीला विचारू. पाणी तपासणी केंद्रातल्या बाई आठवतात? गोऱ्या, उंच, बाबांशी वाद घालणाऱ्या एकमेव गिऱ्हाईक. त्यांच्याकडे दुसऱ्या कुणी बनवलेली कॅलोमेल आहे, आणि बाबा त्या बाईंना मानतात. मी बसनं गेले, ती ओल्या टोपणासकट डब्यात ठेवून मांडीवर घेऊन आले. शेजारच्यानं विचारलं, काय आहे? म्हटलं, साक्षीदार.

तिच्याशी माझ्या जुळल्या. सगळ्या. थोरली तिच्याहीपेक्षा बारा जास्त निघाली.

ताई, मी खोटं कशाला बोलू. मला इतका आनंद झाला की मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि हसले. तुझी चूक होती! तुझी! इतकी वर्षं त्या चिठ्ठीसमोर मान खाली घालून उभी राहिले, आणि तूच हललीस.

बाहेर आले तर बाबा थोरलीला हातात धरून बसले होते. म्हणाले, "तिला काही होणार नाही. बाईंचीच बिघडली असेल." मग तिची काच सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडलेला बघून गार वाटेल. तसं वाटलं, पण फार थोडा वेळ.

तू यावर काय म्हणशील ते कळव. फोनवर नको.

धाकटी

शनिवार, २३ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. "तळाशी खडे आहेत का बघ" हे वाक्य वाचून मी आधी चिडले. मला शिकवतेस का? मग बघितलं. खडे नव्हते.

थोरलीच्या बाहेरच्या नळीत एकही खडा नाही, पाणी नितळ. म्हणजे क्लोराइड पातळ झालंय, आणि पातळ झालं की दाब चढणारच. बूच झिरपतं, पातळी उतरते, ती अधूनमधून भरावी लागते. थोरली भरायचं काम फक्त बाबांचं, मला तिला हात लावायची परवानगी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना भरताना बघितलं. त्यांनी पिचकारी उचलली, कपाटातून बाटली घेतली. ऊर्ध्वपातित पाण्याची. साधं पाणी, ताई. शेजारी क्लोराइडची बाटली होती, तिच्यावर लाल पट्टी, जी त्यांनीच लावलीय.

मी म्हटलं, "बाबा, ही कुठली बाटली?"

त्यांनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओरडले, "मला शिकवू नकोस!" पिचकारीचं टोक नळीच्या तोंडावर टकटक वाजत होतं. हात इतका थरथरत होता. आणि मी, जी रोज त्यांच्या शेजारी बसते, मी ते किती दिवस बघून न बघितल्यासारखं केलंय ते मला सांगता येणार नाही. त्यांचा हात थरथरला की मी हातातलं काम ओढून घ्यायचे, वाटायचं, चला, माझी पाळी आली.

त्यांना खुर्चीत बसवलं, चहा दिला. मग थोरली उघडली. पाणी आतल्या नळीपर्यंत पातळ झालेलं, दोन्ही बदलायला हवं होतं. "आतलीही काढू का?" म्हणून विचारलं, ते चहा पीत राहिले.

आता नीट वाच. आतली नळी काढली आणि मी बघतच राहिले. तू डावखुरी. तुझ्या हातानं प्लॅटिनमची तार काचेत बसवताना पीळ उलटा पडायचा, बाबा तुला हसायचे त्यावरून. या नळीतल्या तारेला पीळच नव्हता. सरळ तार, आणि काचेच्या जोडाला डाव्या बाजूला बारीक फुगवटा. तो फुगवटा माझा आहे. मला भट्टीची ज्योत अजून तिथं नीट धरता येत नाही, माझ्या प्रत्येक नळीला तो येतो. बाबांनी त्यावरून मला किती बोल लावलेत!

थोरली मी बनवलीय.

विचारलं बाबांना. त्यांना लपवायचंही सुचलं नाही. म्हणाले, "मोठीची फुटली ना. ती गेली त्याच वर्षी. माझ्याच हातून. मग तुझ्या पहिल्या घाण्यातली एक लावली तिथं."

"आणि चिठ्ठी?"

"चिठ्ठी कशाला टाकायची? ती चांगली होती, हिला चिकटवली."

मी म्हटलं, "माझीच का लावलीत?"

"दुसरी कुठली लावणार? तीच सगळ्यात स्थिर होती." अगदी सहज बोलले, जणू पिठाच्या डब्याबद्दल. मग म्हणाले, "चहात साखर कमी आहे."

तुला वाटत असेल, धाकटीचं समाधान झालं. अगं, उलट झालंय. आतापर्यंत तू माझ्यापेक्षा सरस होतीस म्हणून पोटात दुखायचं. आता मी सरस होते आणि तरी तूच होतीस! माझंच काम माझ्या तोंडावर फेकून मला सांगायचे, मोठीसारखं कर. मी तुझी चिठ्ठी नखानं खरवडून काढली. अर्धी निघाली. उरलेली निघेना.

आणि आठवलं. दोन वर्षांपूर्वी तू आली होतीस तेव्हा तू थोरली हातात घेऊन उजेडात धरली होतीस. आतली तार दिसते उजेडात. तुझा पीळ तुला माहीत आहे. तुला कळलं असणार, ताई. कळलं होतं ना? खरं लिही.

नवं पाणी भरलं, दोन्ही नळ्यांत. खडे टाकले. एक रात्र ठेवली. आता ती बाईंच्या इलेक्ट्रोडशी जुळते.

धाकटी

रविवार, ७ एप्रिल

ताई,

"हो, कळलं होतं." एवढंच लिहिलं असतंस तर मी तुझं तोंड पुन्हा बघितलं नसतं. पण खालचं वाचलं. "बाबांनी तोंडावर मला कधी चांगलं म्हटलं नाही. इथं आल्यावर फोनवर पहिल्यांदा म्हणाले. खरं सांगून ते घालवायचं माझ्या जिवावर आलं." मी हे तीनदा वाचलं. माफ केलेलं नाही. पण तुझं अक्षर तिथं बिघडलंय, ते मी बघितलं.

मला एक आठवत नव्हतं, ते तू लिहिलंस म्हणून आठवलं. तू इथं होतीस तेव्हा बाबा तुझ्यावरच ओरडायचे. मी लहान होते, मला वाटायचं तुम्ही दोघं काहीतरी महत्त्वाचं करता आणि मला त्यात घेत नाही. दाराबाहेर उभी राहून मी त्या ओरडण्याचासुद्धा हेवा करायचे. काय म्हणावं मला!

आता मुद्द्याचं. डॉक्टरांकडे नेलं. लघवीत पारा निघालाय, पुष्कळ. थरथर त्यामुळेच, विसरणंही, आणि चिडचिडसुद्धा. डॉक्टर तरुण आहेत, शांतपणे समजावून सांगतात. म्हणाले, "बऱ्याच वर्षांत साठत आलंय. औषध देऊ, पण खरं औषध म्हणजे पाऱ्यापासून दूर राहणं. राहतात कुठं?"

"वर्कशॉपच्या वर."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी विचारलं, "चिडचिड पाऱ्यामुळे की स्वभावानं?" ते हसले. म्हणाले, "ते आता वेगळं करून सांगता येणार नाही." म्हणजे बघ, इतकी वर्षं माझ्यावर कोण ओरडत होतं हेच मला कधी कळणार नाही. तुझं कौतुक कोण करत होतं हे मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची तयारी नव्हती.

माझीही तपासणी झाली. माझ्यात थोडा आहे, चालण्यासारखा. वाफ ओढून घेणारा पंखा बसवा म्हणून मी बाबांशी भांडले होते ना, त्याच्याखाली मी बसते. बाबा कधी बसले नाहीत. "आमच्या वेळी नव्हतं असलं काही."

फरशीच्या फटींतून पारा निघतोय, टाचणीच्या टोकाएवढे थेंब. टॉर्च तिरका धरला की सगळी जमीन चमकते. फरशी उखडावी लागेल. पाऱ्याचं काम मी बंद करतेय. बहुतेक गिऱ्हाइकांना चांदीची चालते, चांदीच्या तारेवर सिल्व्हर क्लोराइडचा थर, तत्त्व तेच. बाई म्हणाल्या, "मी तर कधीची सांगत होते." काम संपेपर्यंत मी त्यांच्या मागच्या खोलीत राहणार आहे.

आणि बाबा? तू लिहिलंयस, त्यांना माझ्याकडे पाठव, इथं चांगला दवाखाना आहे, चिऊ आहे, अंगण आहे. वाचून मी पत्र फाडणार होते. कौतुक तुझं, फोटो तुझा, चिठ्ठी तुझी, आता माणूसही तुझाच! मी म्हणणार होते की माझ्याजवळ राहतील, बाईंच्या खोलीत दोन खाटा मावतात. मोजूनही आले. मावतात.

मग काल बाबा खाली गेले. मी वर्कशॉपला कुलूप लावलं होतं, त्यांनी दुसरी किल्ली शोधली. पाऱ्याची बाटली उघडून खलात ओतत होते, निम्मा पारा टेबलावर. मी हात धरला तर म्हणाले, "घाणा राहिलाय. मोठी येईल, तिला काय दाखवू?"

ते इथं असले तर खाली जाणारच. मी किती दारं लावू?

ये. घेऊन जा. लवकर ये, माझं मन बदलायच्या आत.

धाकटी

मंगळवार, २१ मे

ताई,

तुम्ही पोचलात, चिऊनं आजोबांना झोपाळ्यावर बसवलं, हे सगळं कळलं. फरशी उखडून झाली. कामगार अंतराळवीरांसारखे मुखवटे घालून आले होते. भिंतीवरचा तुझा फोटो त्यांनी विचारल्याशिवाय काढून ठेवला. मी परत लावलेला नाही. अजून ठरवलं नाही.

तू विमानतळावर सामानाच्या रांगेत होतीस तेव्हा काय झालं ते तुला सांगितलं नव्हतं. बाबा बाकावर, मी शेजारी. मला वाटत होतं, आता काही बोलतील. निदान "जपून राहा" तरी. त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि म्हणाले, "पेस्ट जास्त घोटतेस तू. अंगठ्याला घट्टा पडलाय." मी म्हटलं, "आता घोटायची नाही बाबा, चांदीच्या करणार." ते म्हणाले, "मोठीला विचारून कर." तेवढ्यात तू आलीस. म्हणून माझं तोंड तसं झालं होतं. तुला वाटलं मी त्यांच्या जाण्यानं रडतेय. तेही होतंच.

पहिला आठवडा मी खूप वाईट वागले. तुम्ही तिघं जेवायला बसला असाल, चिऊ त्यांच्या मांडीवर असेल, तू औषध मोजत असशील, हे दिसत राहायचं आणि हातातली तार वाकडी व्हायची. बाईंना म्हटलं, "तिकडं मजा चाललीय." बाई म्हणाल्या, "आजारी म्हाताऱ्याची मजा? एकदा फोन करून बघ."

काल केला. मी "हॅलो" म्हणायच्या आत तू सुरू झालीस. ताई, तुझा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "कान किटले माझे! भाजी चिरली की म्हणे धाकटी बारीक चिरते. पाणी दिलं की म्हणे धाकटी कोमट देते. काल माझ्या संस्थेतला साहेब घरी आला, त्याला म्हणाले, माझी धाकटी अशा इलेक्ट्रोड करते की वर्षानुवर्षं काटा हलत नाही, हिला नाही जमायचं! माझ्या साहेबासमोर!"

तू ओरडत होतीस आणि मी इकडे भिंतीला टेकून खाली बसले होते.

त्यांची थरथर कमी झाली का, झोप लागते का, औषधानं पोट बिघडतंय का, हे सगळं लिही. फळं खायला देतेस ना? स्वेटर मी पेटीत उजव्या बाजूला ठेवलाय, निळा.

आणि ते साहेबांसमोरचं सविस्तर लिही. फोनवर घाईत सांगितलंस, अर्धं ऐकू आलं नाही. "वर्षानुवर्षं" म्हणाले की "इतकी वर्षं"? साहेब त्यावर काय म्हणाला? तुझा चेहरा कसा झाला? नेमके शब्द हवेत मला, गाळू नकोस, मवाळ करू नकोस. आणि रागाच्या भरातच लिही, शांत झाल्यावर नको. तुझं अक्षर बिघडलेलं असलं की मला खरं वाटतं.

तुझी,
धाकटी